धुराचं तोंड कुणीकडे

दादूचं लक्षण काही ठीक नव्हतं. गेले दोन महिने हा मुलगा प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत होता.

जन्मल्यापासून ज्यानं आईच्या एका शब्दाला सरळ होकार दिला नाही, ‘बस’ म्हटलं की ज्याला उभं राहायचं असतं आणि ‘ऊठ’ म्हटलं की मांडी ठोकायची असते, तो पस्तिशी उलटलेला बाप्या आता ‘हो आई’, ‘बरं आई’, ‘तू म्हणशील तसं’ करत मान डोलवायचा. त्याच्या आईच्या, म्हणजे जिजीच्या, मनाला हे पटेना. भांडणारा मुलगा निदान समोर असतो. हो म्हणणारा कुठे असतो, कुणास ठाऊक.

शिवाय दुपारचं जेवण अर्धं टाकून उठायचा. पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचा. ‘कुठे निघालास?’ म्हटलं की ‘गाडीकडे’. गाडीकडे काय? गाडी काय पाळण्यात रडतेय? आणि परत यायचा तो कोपरापर्यंत हात धुऊन, सोडा लावून, घासून घासून लाल करून. लाँड्रीच्या घरात जन्मलेल्या माणसाला इतके हात धुवावे लागतात, म्हणजे त्यांना काहीतरी लागलेलं असतं.

“पोटी आलाय मुलगा म्हणून, आणि वागतोय जावयासारखा,” जिजी रोलरवाल्या मावशीला म्हणाली. “हसून बोलतो, जेवून उठतो, काही मागत नाही.”

मावशी इस्त्रीच्या तापल्या रोलरमध्ये चादर घालत होती. “मग बरंय की. मला दे असा जावई.”

“घेऊन जा. पण संध्याकाळी परत आणून सोडशील.”

लाँड्री जिजीच्या नवऱ्यानं उभी केली, पण चालवली जिजीनं. तो वारल्यावर तर एकटीनंच. शाळेत ती कशीबशी दुसरीपर्यंत गेली होती. आकडे येत होते, सही येत होती. बाकी सगळं चादरीच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्यानं घातलेल्या खुणांवर चालायचं. तांबडी फुली म्हणजे प्रसूतीगृह, निळी रेघ म्हणजे स्टेशनाजवळचं विश्रामगृह, हिरवा ठिपका म्हणजे वृद्धाश्रम. हातात चादर आली की ती कुणाची, किती धुण्यांची, कुणी फाडली आणि कुणी मुद्दाम फाडली, हे जिजी डोळे मिटून सांगायची. आणि समोर माणूस आला की तेवढ्याच वेळात त्याच्याबद्दलही सांगून मोकळी व्हायची. गल्लीत तिच्या चादरींचं नाव होतं आणि तिच्या जिभेची भीती होती. दोन्हींचा तिला सारखाच अभिमान.

घरात विजेवरची गाडी आणली ती सुनेच्या हट्टानं. सून शाळेत विज्ञान शिकवायची. बोलायची हळू, पण धरलेलं सोडायची नाही, आणि हा गुण जिजीला आपल्यातला ओळखू यायचा, म्हणून जास्तच टोचायचा. जुनी डिझेलची गाडी खोकायला लागली होती. स्टार्टर गेलेला. एकदा बंद केली की दोघांनी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. सून म्हणाली, आता घ्यायची तर धुराशिवायची घेऊ.

“धुराशिवायची म्हणजे काय? वीज काय आभाळातून पडते?”

“तीही येते आई कुठून तरी. पण—”

“मग ‘पण’ कशाला लावतेस? तुझा ‘पण’ माझ्या चादरी पोचवणार आहे का?”

शेवटी गाडी आली, पण जिजीच्या अटींवर. जुनी गाडी विकायची नाही, अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहील आणि तिची किल्ली जिजीच्या कमरेला. आणि दुसरी अट, या नव्या बयेच्या पायी लाँड्रीचं एकही काम थांबायचं नाही.

तीच अट नडली. लाँड्रीत रात्रभर धुलाईयंत्रं चालायची. सकाळी चादरी अंगणात तारांवर वाळायच्या, तेवढा वेळ यंत्रं गप्प. दुपारी रोलर तापायचा आणि इस्त्री सुरू व्हायची, ती तिसऱ्या प्रहरापर्यंत; पाळी येईपर्यंत चादरी तारांवरच राहायच्या. गाडी मात्र सकाळीच फेरीला निघायची आणि दुपारी रिकामी होऊन यायची. मग दुसऱ्या फेरीआधी तिला लावायची तर रोलरच्या वेळेला, आणि त्या एका विजेच्या लाइनीवर दोघं एकत्र चालत नव्हती. पहिल्याच आठवड्यात दादूनं गाडीची वायर लावली आणि फाटकन मेन स्विच पडला. रोलर थांबला तो मधोमध चादर धरून. काढेपर्यंत तिच्यावर तांबूस पट्टा उमटला होता.

“ह्या बयेला दूध पाजायला माझा रोलर उपाशी ठेवलास?” जिजी सगळ्या लाँड्रीसमोर म्हणाली. “पुन्हा रोलर थांबला तर ही गाडी जिथून आली तिथे जाईल, आणि जुनीची ताडपत्री निघेल.”

तेव्हा सुनेनं सुचवलं होतं. “सकाळची फेरी बंद करा, आई. सकाळी लाइन मोकळी असते. तेव्हा गाडी भरेल. दुपारी इस्त्री झाली की सगळा माल एकाच फेरीत जाईल.”

जिजीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळची फेरी तिच्या नवऱ्यानं सुरू केलेली होती. पोचवायला काही असो नसो, तो रोज सकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, ‘आणखी काही?’ ती फेरी बंद म्हणजे त्याचं जाणं पुन्हा एकदा. असं ती कुणाला सांगणार नव्हती. ती एवढंच म्हणाली, “फेऱ्या दोन होतात. दोनच होतील.”

मोठ्या लाइनीसाठी दादू वीज कचेरीत खेटे घालत होता. लाइन काही येत नव्हती. पण गाडी त्यानंतर कधी थांबली नाही. दुपारी ती बोळातल्या मागच्या फाटकाजवळ उभी असायची आणि तिसऱ्या प्रहरी तयार. कशी, ते जिजीनं विचारलं नाही. मशीनचं काम मुलाचं, चादरीचं काम तिचं, अशी वाटणी होती.

मग चादरींवर ठिपके यायला लागले.

बारीक, मोहरीहून बारीक. मळाचे नव्हेत, गंजाचे नव्हेत. पहिल्यांदा मावशीला दिसले. झटकायला गेली तर लांबट रेघ उठली. जिजीनं बोटावर घेऊन चोळलं. तेलकट होतं. काजळी. ती पाण्यात गेली की आणखी पसरते, आणि वाळल्या चादरीवर पडून रोलरखाली गेली तर तिथेच शिजून बसते. जिजीनं तारा हलवल्या, रस्त्याकडची बाजू ताडपत्रीनं आडवली, समोरच्या बसथांब्यावरच्या ड्रायव्हरांना जाऊन काय काय ऐकवलं. ते बिचारे ऐकून घेत राहिले. ठिपके येतच राहिले. रोज नाही, वारा फिरला की.

आणि एका सकाळी प्रसूतीगृहाच्या मेट्रनबाईंनी गठ्ठाच परत पाठवला. सोबत निरोप, ‘मालकिणीनं स्वतः येऊन बोलावं.’

लाँड्रीचा निम्मा जीव त्या तांबड्या फुलीत होता. प्रसूतीगृह गेलं तर मावशी गेली, रात्रपाळीची दोघं गेली, आणि गल्लीत जे नाव होतं तेही गेलं. जिजीनं केस विंचरले, पायात बाहेरची चप्पल घातली आणि दादूला म्हणाली, “चल. मी येते.”

“नव्या गाडीतून?” दादू गडबडला. जिजी आजवर त्या गाडीत बसली नव्हती.

“नाही, तुझ्या खांद्यावरून. काढ गाडी.”

गाडी निघाली तरी तिला कळलं नाही. आवाजच नाही. वळणावर गठ्ठे सरकले तेव्हा ती म्हणाली, “चालू आहे ना रे?” दादू हसला. बऱ्याच दिवसांनी खरं हसला. पण लगेच पुन्हा चेहरा आवरून बसला, आणि जिजीनं ते टिपलं.

मेट्रनबाई उंच, कोरड्या आणि सरळ बोलणाऱ्या. जिजीला अशी माणसं आवडायची, फक्त ती दुसऱ्यांशी बोलत असताना. त्यांनी चादर उलगडून उजेडात धरली.

“हे काय?”

“काजळी,” जिजी म्हणाली. सबबी सांगायचा तिचा स्वभाव नव्हता.

“आज जन्मलेल्या बाळाला मी यावर निजवू?”

“नाही.”

“एवढी वर्षं तुमची चादर मी न बघता अंथरलीय. आता उलगडून बघावी लागते. पुन्हा एक ठिपका दिसला तर काम दुसरीकडे देईन. राग मानू नका.”

“मी तुमच्या जागी असते तर गठ्ठा पाठवला नसता, डोक्यात घातला असता,” जिजी म्हणाली.

मेट्रनबाईंच्या ओठाची एक बाजू हलली. त्या दारापर्यंत सोडायला आल्या. फाटकाशी गाडी उभी होती, आणि तिच्या अगदी समोर तळमजल्याची लांब खिडक्यांची ओळ. खिडक्या सताड उघड्या. आत एक तरुण बाई उशीला टेकून, बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

“गाडी मात्र चांगली घेतलीत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “जुनी यायची तेव्हा आम्हाला ह्या सगळ्या खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. माल उतरेपर्यंत तुमचा मुलगा इंजिन चालूच ठेवायचा ना. बाळंतिणींना पाठ झालं होतं. घरघर ऐकू आली की पोरांच्या तोंडावर फडकं.”

जिजी त्या खिडक्यांकडे बघत राहिली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन चालू ठेवायला तर तिनंच सांगितलं होतं, बंद पडून फेरीला उशीर नको म्हणून. धुतलेली, पांढरी, तांबड्या फुलीची चादर ती त्या दारात पाठवायची, आणि तिच्यासोबत तो धूरही. वर्षानुवर्षं. आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही, खिडक्या लावून घेतल्या फक्त.

परतीच्या वाटेवर ती बाहेर बघत बसली. दादूला वाटलं, मेट्रनबाईंचं लागलंय. त्यानं दोनदा ‘आई, काही नाही होणार’ म्हटलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. जुनी गाडी ताडपत्रीखाली थंड पडलीय, नवी धूर सोडत नाही, बसथांबा आडवलाय. मग काजळी येते कुठून?

घरी आल्यावर ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ओलं बोट वर धरून वारा बघितला. वारा मागून येत होता, बोळाकडून. मागच्या भिंतीपलीकडे कोण? घड्याळजी.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा एक साठीतला, एकटा राहणारा माणूस. पेट्रोलात बुडवून चाकं धुवायचा. नक्कीच तेलकट चिंध्या बोळात जाळत असणार. जिजीचा शोध पूर्ण झाला. दुपारचं जेवण उरकून, अर्ध्या ताटावरून उठणाऱ्या दादूकडे आज लक्षही न देता, ती मागच्या दारानं निघाली, वळसा घालून, इकडेतिकडे न बघता बोळात शिरली आणि घड्याळजींच्या दारावर असा हात मारला की आतली दोन-तीन घड्याळं वाजली असतील.

“अहो घड्याळजी! जाळता काय तुम्ही?”

दार उघडलं. घड्याळजींच्या एका डोळ्याला भिंग तसंच लावलेलं होतं, त्यामुळे तो डोळा खूप घाबरलेला दिसत होता.

“जिजी? या ना. काय जाळतो मी?”

“तेच विचारतेय.”

ती आत शिरली आणि थबकली. भर दुपारी खोलीत दिवा लावलेला. घड्याळजींचं टेबल खिडकीशी असायचं, उजेडासाठी. ते आता ओढून आतल्या भिंतीशी नेलं होतं. सुटी चाकं काचेच्या पेल्यांखाली झाकून ठेवलेली. आणि खिडकी? खिडकीवर चादर ठोकली होती. चारही कडांना चिकटपट्टी. चादरीच्या कोपऱ्यात विरलेली तांबडी फुली. जिजीनंच दिली होती त्यांना, जुनी म्हणून, टेबलावर अंथरायला. आता ती मधोमध काळी पडली होती, तव्याच्या बुडासारखी.

“हे काय केलंत?”

घड्याळजींनी भिंग काढलं. “काही नाही. उजेड जरा जास्त येतो.”

“म्हणून दिवा लावलाय?”

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, ते खोकले. खोकला संपता संपेना. जिजीनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि चिकटपट्टी सोलून चादरीचं टोक उचललं.

समोर तिच्याच लाँड्रीची मागची भिंत होती. भिंतीच्या वरून एक लोखंडी पाइप आला होता, वाकडा करून, बरोब्बर ह्या खिडकीकडे तोंड करून. त्याखाली भिंतीवर काळा ओघळ. जिजी बघत असतानाच पलीकडे कुणीतरी दोरी ओढली, काहीतरी घरघरलं, आणि पाइप खोकला. पहिला लोट काळा, मग करडा. खिडकीची काच थरथरली.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. वीज गेली तर चालवायचा जुना जनरेटर. नवऱ्यानं घेतलेला. रोलरच्या गोंगाटात तो पुढच्या गल्ल्यावर, जिथे जिजी बसायची, ऐकू यायचा नाही. वीज तर गेली नव्हती. मग तिला सगळं एकदम समजलं. दुपारचं अर्धं ताट, सोड्यानं घासलेले हात, आणि ती शांत, गुणी, न थांबणारी गाडी.

तिनं चादर सोडली नाही. टोक तसंच हातात धरून ती स्टुलावर बसली.

“जिजी, लावून घ्या. धूर येईल आत.”

“येऊ दे. किती वेळ चालतो?”

“इस्त्री संपेपर्यंत.”

“आणि तुम्ही इथेच बसता?”

“घड्याळं दुसरीकडे नेता येत नाहीत. कण गेला चाकात की अडतं सगळं.” ते जरा थांबले. “दादू वाईट नाही हो. येऊन हात जोडले त्यानं. म्हणाला, काका, लाइन येईपर्यंत. धूर अंगणात सोडला तर चादरींवर बसतो, म्हणून पाइप इकडे वळवला. आईला कळलं तर गाडी जाईल, आणि गाडी गेली तर बायकोसमोर मान वर करता यायची नाही.”

“आणि तुम्ही हो म्हणालात. मला येऊन सांगायला काय झालं होतं?”

घड्याळजी कसंनुसं हसले. “तुमच्याशी बोलायला यायचं म्हणजे जिजी, दोन दिवस आधी मनाची तयारी करावी लागते. मी करत होतो. झाली नव्हती.”

एरवी ह्या वाक्यावर जिजी खूश झाली असती. आज ती धुरात तशीच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा पुसलं, आणि ते धुराचंच होतं हे घड्याळजींनी न विचारता समजून घेतलं.

मग ती उठली.

मागच्या फाटकातून ती आत आली तेव्हा दादू धुलाईयंत्रांच्या खोलीमागे, पत्र्याच्या आडोशाला, हातात डिझेलचा डबा घेऊन वाकला होता. गाडीची जाड वायर जनरेटरला लावलेली. आईला बघून त्यानं डबा पाठीमागे धरला. एवढा मोठा डबा.

“बंद कर,” जिजी म्हणाली.

“आई, ऐक—”

“बंद.”

जनरेटर थांबला. त्याच वेळी नेमका मावशीनंही रोलर थांबवला, काय झालं ते ऐकायला. लाँड्रीत इतकी शांतता भर दुपारी कधी झाली नव्हती. जिजी उलट्या बादलीवर बसली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून दादूनं डोळे मिटले.

सून शाळेतून आली ती ह्या शांततेत. तिनं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग वायरकडे. वायरवरून तिची नजर जनरेटरवर गेली आणि तिथून वर पाइपावर.

“अरे, तू जनरेटरवर गाडी भरत होतास?”

दादूनं सवयीनं मान डोलवली.

“किती दिवस?” तिचा आवाज चिरकला. “अरे, त्यापेक्षा सरळ जुन्या गाडीत डिझेल घातलं असतंस तर कमी लागलं असतं! आधी ते जाळून वीज करायची, ती बॅटरीत भरायची, मग गाडी चालवायची. वाटेत किती वाया जातं! आणि मी शाळेत सांगत फिरतेय, आमची गाडी बघा, धूर नाही!”

“मग काय करू?” दादू एकदम फुटला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला, आणि जिजीला, कुणाला खरं वाटणार नाही, जरा बरं वाटलं. “आई म्हणते, रोलर थांबला तर गाडी बाहेर. तू म्हणतेस, गाडी गेली तर सगळे म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं. वीज कचेरी म्हणते पुढच्या आठवड्यात. मला दोघींपैकी एकीलाही नाही म्हणता येईना. म्हणून दोघींना हो म्हणत राहिलो.”

“आणि घड्याळजींना धूर?” जिजीनं विचारलं.

त्याची मान खाली गेली.

मग जिजी सुनेकडे वळली. “काय गं, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं की नाही? धूर कुठे जात नाही. फक्त दुसऱ्याच्या घरात जातो.”

“खरं आहे तुमचं,” सून म्हणाली.

जिजी भांडायला पदर खोचून बसलेली, तिचा तोलच गेला. “काय?”

“खरं आहे. मी तेव्हा ‘पण’ म्हटलं आणि तुम्ही पुढचं ऐकलं नाहीत.” सून तिच्यासमोर जमिनीवर बसली, शाळेची पिशवी मांडीवर घेऊन. “घरची वीजसुद्धा कुठल्या तरी चिमणीखालून येते. त्या चिमणीखालीही माणसं राहतात. बॅटरीसाठी जिथे जमीन उकरतात तिथे कुणाचं तरी पाणी गढूळ होतं. अशी गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच साध्या गाडीपेक्षा जास्त धूर अंगावर घेऊन निघते. मी हे मुलांपासून लपवत नाही.”

“मग आणलीस कशाला?”

“कारण तो धूर भरून निघतो, आई. ती चालत राहिली की. घरच्या विजेवर भरली तर फेरीमागे जुनीपेक्षा कमीच पडतो, चिमणीचा धरूनसुद्धा. उद्या उन्हाची-वाऱ्याची वीज वाढली तर आणखी कमी. जुनी मात्र जितकी म्हातारी होईल तितकी जास्त ओकणार. अगदी शुद्ध नाही ही. कमी वाईट आहे. मला तेवढंच म्हणायचं होतं. पण जनरेटरवर—” तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

जिजीच्या कमरेला किल्ली होती. ताडपत्री ओढायला कितीसा वेळ लागतो? सुनेनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, मावशी साक्षीला होती. हट्ट जिंकला होता. उद्या सकाळी जुनी गाडी ढकलून चालू करायची आणि दुकान पूर्वीसारखं.

पण तिच्या डोळ्यांपुढून ती खिडक्यांची ओळ हलेना. उशीला टेकलेली ती मुलगी. घरघर ऐकू आली की फडकं. आणि दुसरीकडे घड्याळजींचं ओढून नेलेलं टेबल. दोन्ही खिडक्यांत धूर तिचाच होता. दोन्हीकडची माणसं गप्प बसली होती, एक चादरीच्या गरजेपायी, दुसरा तिच्या भीतीपायी. दूरच्या त्या चिमणीखालच्या माणसांचं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. निदान त्यांच्याकडे जाईल तेवढा कमी जावा. पण ह्या भिंतीपलीकडचं तिच्या हातातलं होतं.

आणि वाट तर सुनेनं पहिल्याच आठवड्यात दाखवली होती. सकाळची फेरी. जिजीला गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिलेला नवरा दिसला, हातात एक टॉवेलसुद्धा नसताना, ‘आणखी काही?’ म्हणणारा. त्याच्या मागे गाडी चालूच असायची. तीही दिसली आता.

तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. मावशीला रोलरचा चटका बसता बसता राहिला, इतकी ती ऐकण्यात गुंतली होती.

“आई,” दादू हळूच म्हणाला, “जुनी काढू का? किल्ली दे.”

“किल्ली भंगारवाल्याला देईन,” जिजी उठली. “उद्यापासून सकाळची फेरी बंद. सकाळी चादरी वाळतील, तेव्हा गाडीही भरेल. एकच फेरी, इस्त्री झाल्यावर. गिऱ्हाइकांना मी सांगेन. कुणी कुरकुर केली तर त्याचीही गाठ माझ्याशी. मेट्रनबाईंच्या सगळ्या चादरी पुन्हा धुवायच्या, आणि घरातला प्रत्येक माणूस त्यावर नजर फिरवेल. घड्याळजींची भिंत तू घासायची. खिडकी तू धुवायची. टेबल उचलून उजेडात तू ठेवायचं, आणि ते नको नको म्हणतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही.”

“हो आई.”

“हो म्हणू नकोस. जीव जातो माझा.”

सुनेनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलले.

“आणि हा?” दादूनं जनरेटरकडे हात केला. “विकून टाकू?”

“धुलाई चालू असताना वीज गेली तर काय चादरी हातानं पिळू? राहू दे. फक्त पाइपाचं तोंड फिरव.”

“कुणीकडे फिरवू? इकडे अंगण, तिकडे काका.”

“माझ्या गल्ल्याच्या खिडकीकडे.”

“आई, काहीतरीच काय! दिवसभर बसतेस तू तिथे. सरळ तुझ्या तोंडावर येईल धूर.”

जिजीनं त्याच्या हातातला डिझेलचा डबा काढून घेतला, खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघून सावकाश, सगळ्या लाँड्रीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येऊ दे. दादू, तू लबाड नाहीस, नुसता घाबरट आहेस. आणि घाबरट माणूस धूर त्याच्याच खिडकीत सोडतो, जो बोलणार नाही. मी बोलणारी आहे. म्हणून माझ्या खिडकीत सोड, मग बघते किती वेळ चालवतोस.”